कापूस काढायचा नाही

धायरीत मुक्ताईने तीस वर्षं गाद्या भरल्या. कापूस कुठे ठासायचा नि कुठे मोकळा सोडायचा, हे तिच्या बोटांना ठाऊक. मुलगा योगेश घरी स्पीकर बनवायला लागला, तेव्हा पेट्यांच्या पोटात कापूस तिनेच भरला. त्या कामाला दुसऱ्या कुणाला शिवू दिलं नाही.

आज सदाशिव पेठेतून केयूर आला होता, बायको वल्लरीला घेऊन. पुण्यातल्या स्पीकरवेड्यांच्या गटात त्याचा शब्द चाले. डोळे मिटून तासभर एका गायिकेची गाणी ऐकली आणि म्हणाला, "बेस गुबगुबीत आहे. मिड्स वॉर्म आहेत, पण ट्रेबलला, म्हणजे वरच्या सुरांना, चमक नाही. कापूस काढा, परदेशी फोम भरा. मग गटाला घ्यायला सांगतो."

योगेशने लगेच एका पेटीतला कापूस उपसून फोम भरला. दुसरीला हात घातला तशी मुक्ताई आडवी आली.

"हात लावून तर बघ!"

"आई, त्यांना कळतं त्यातलं."

"काय कळतं? गुबगुबीत म्हणे. पेटी हाय का बाळ?" ती केयूरकडे वळली. "ज्या बाईचं गाणं लावलंत, तिला समोर बसून ऐकलंय कधी?"

"नाही काकू, ती नॉर्वेची आहे."

"मग तिचा गळा चमकतो, हे कोण सांगून गेलं तुम्हाला?"

मुक्ताईने केयूरला भिंतीकडे तोंड करून बसवलं. आत नेऊन वल्लरीचं एक वाक्य फोनवर भरून घेतलं आणि तिला केयूरच्या मागे, पेट्यांपाशी बसवलं.

आधी ते वाक्य फोमच्या पेटीतून वाजलं. प्रत्येक 'स' सुरीसारखा. स्वारगेटच्या स्टँडवर गाडी पुकारतात तशी वल्लरी.

"वा! काय क्लिअर!" केयूर म्हणाला.

मग तेच वाक्य कापसाच्या पेटीतून. "अरे, खडकवासल्याला नेतो म्हणालास, विसरलास ना?"

"अगं, आहे लक्षात!" म्हणत केयूर गर्रकन मागे वळला. वल्लरी तोंडावर हात दाबून हसत होती.

तो लाल झाला. "तरी मला पहिलाच आवडला. आवड ज्याची त्याची."

"आवडू द्या की. बायकोतपण फोम भरा घरी जाऊन. पण माझ्या कापसात खोट काढायची नाही. गटाने घेतली नाही तरी चालेल, ही पेटी उघडणार नाही."

योगेश फोम भरलेल्या पेटीपाशी बसला आणि आतला फोम ओढून काढू लागला.

"गटाला सांगा केयूरसाहेब," तो म्हणाला, "आमच्याकडे कापसाचीच मिळेल."