त्याच्या मापाचा मास्क

मी एक जुना मास्क आहे. तोंडाला बांधायचा नव्हे, मित्रांनो. पाण्याखाली बघता यावं म्हणून डोळ्यांवर आणि नाकावर चढवतात तो. पुढे जाड काच, भोवती काळं मऊ रबर, मध्ये नाकासाठी खोबण आणि मागे एक पट्टा, एवढाच माझा पसारा. माझ्यामुळे एका बाईचं एक मोठं काम जवळजवळ बुडालं होतं. ती गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात, साच्यात झाला. तिथून मी दुकानात आलो आणि सहा महिने एका आकड्याला लटकत राहिलो. गिऱ्हाइकं येत, मला चेहऱ्याला लावत आणि पट्टा न बांधताच नाकाने श्वास आत ओढत. मास्क मापाचा असेल तर तो तेवढ्या श्वासावर चेहऱ्याला धरून राहतो. नसेल तर पडतो. आमच्या जगात हीच एक परीक्षा असते. माझं रबर जरा रुंद कापलेलं होतं, म्हणून मी बऱ्याच चेहऱ्यांवरून पडलो. दुकानदार प्रत्येक वेळी मला पुसून परत आकड्याला अडकवायचा.

मग एक दिवस एक लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आला. चांगला ऐसपैस चेहरा होता त्याचा. त्याने मला लावलं, श्वास घेतला, हात सोडले आणि तसाच दुकानभर फिरला. मी हललो नाही. बायकोकडे वळून तो नाकात बोलला, "हा माझाच. आईच्या पोटातून आणल्यासारखा बसलाय." बायको हसून हसून खाली बसली.

ती शाळेची बस चालवायची. बसमधली मुलं तिला बसताई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. समुद्राखाली उतरायला शिकायचं, हा बेत दोघांनी लग्नाच्या वर्षी केला होता. मग थोरला झाला, मग धाकटी झाली, आणि बेत माळ्यावर गेला. दोन्ही मुलं आपापल्या बुटांच्या नाड्या बांधायला लागली की शिकायचं, असं त्यांचं ठरलं होतं. धाकटी सहा वर्षांची झाली तरी तिची गाठ सुटायचीच. शेवटी बाबांनी तिला चिकटपट्टीचे बूट आणले आणि अट पूर्ण झाली असं जाहीर करून टाकलं.

घरी आल्यावर त्याने माझी काच टूथपेस्टने घासली. नव्या काचेवर कारखान्याचा तेलकट थर असतो, तो असाच निघतो. धाकटी शेजारी उभी राहून विचारत होती, "मास्कला दात कुठे आहेत? मग टूथपेस्ट कशाला? रात्री पण घासायची का?" ती दिवसाला इतके प्रश्न विचारायची की बाबा तिला प्रश्नपत्रिका म्हणत. ते मला घालून कांदेही चिरायचे. डोळ्यांतून टिपूस येत नसे. समुद्रासाठी जन्मलेल्याने कांद्यापुढे उभं राहायचं, याचा मला तेव्हा फार अपमान वाटायचा. आता वाटत नाही.

पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडातल्या नळीने श्वास घ्यायचा आणि खाली उतरायचं; हे शिकणं तीन टप्प्यांत होतं. आधी पुस्तकातले पाच धडे, मग तरणतलावात पाच धडे, आणि शेवटी समुद्रात चार डुबक्या. एकटं खाली जायचं नाही, प्रत्येकाला जोडीदार हवाच, हा पहिला नियम. ज्यांना घरदार नाही ते लोक हे सगळं चार-पाच दिवसांत उरकतात. आमच्या जोडीला महिन्याला एक धडा मिळाला तरी खूप. बसताई सकाळच्या आणि दुपारच्या फेरीच्या मधे, रिकाम्या बसमध्ये पुस्तक वाचायची. कधी थोरल्याची परीक्षा, कधी प्रश्नपत्रिकेचा ताप, कधी आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन. नुसती तारेवरची कसरत.

आजी म्हणजे त्याची आई. तिने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. ती माणसाकडे बघायची ते आधी खांदे आणि मग चेहरा. मुलगा आणि सून पाण्यात जातात हे तिला आवडत नव्हतं, पण तेव्हा ती एवढंच म्हणायची, "जमिनीवर काय कमी पडलं?"

तलावावर शिकवणाऱ्या माणसाला सगळे कप्तान म्हणत. त्याने आयुष्यात एकही जहाज चालवलं नव्हतं, पण आवाज कप्तानाचा होता. त्याच्याकडे शिकणाऱ्यांसाठी मास्कांची एक पेटी होती. बसताई त्यातला कुठलाही घ्यायची. तिचा स्वतःचा मास्क पुढच्या वर्षी घेऊ, असं म्हणणं चाललं होतं. पेटीतले ते मास्क म्हणजे कडा झिजलेले, कपाळावर आकडे रंगवलेले. काचेवर धुकं येऊ नये म्हणून मास्कमध्ये थुंकून बोटाने पसरवतात. त्या बिचाऱ्यांनी शंभर जणांची थुंकी चाखली होती. मी त्यांच्याकडे बघून नाक मुरडायचो. मला नाक होतं, मग का नाही मुरडायचं?

तलावातला तिसरा धडा झाला. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी कामाला निघालेला माझा मालक जिन्यात खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. पाण्याचा त्यात काही संबंध नव्हता. मी त्या वेळी बाथरूमच्या खुंटीवर होतो. त्या खुंटीवरून मला पाच महिने कुणी काढलं नाही. अंघोळीला येणारा प्रत्येक जण माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा.

मग कप्तानाची चिठ्ठी आली. तलावातल्या पहिल्या धड्यापासून वर्षभरात सगळं पूर्ण करावं लागतं, नाहीतर झालेले धडेही बाद होतात. तुमचे चार महिने उरले आहेत, काय ते कळवा, असं त्यात होतं. बसताईने चिठ्ठी दोनदा वाचली आणि मला खुंटीवरून काढलं. आजी दारात उभी होती.

"परत त्या पाण्यात जाणार तू?"

"हो, आई."

"कशासाठी? हौस म्हणून?"

"आम्ही दोघांनी सुरू केलं होतं. अर्धं राहिलंय. मला ते अर्धं ठेवायचं नाहीये."

"पोरांचा बाप गेला. उद्या तुझं काही झालं, तर या वयात मी दोन पोरं घेऊन कुठे जाऊ? ते सांग आधी."

गुरुवारी बसताई मला पिशवीत घालून तलावावर गेली.

आणि इथून माझी लाज सुरू होते, मित्रांनो. तिचा चेहरा निमुळता होता. गालाशी आणि कपाळाशी माझं रबर टेकतच नव्हतं. मी गळायला लागलो. तिने पट्टा आवळला. मी अधिकच गळलो, कारण फार आवळलं की रबर दुमडतं आणि दुमडीतून पाणी शिरतं. मला हे सगळं कळत होतं. पण मला तोंड नाही, नुसतं नाक आहे. शिवाय खरं सांगू? तिने मला निवडलं याचा मला अभिमान वाटत होता. पेटीतल्या मास्कांसमोर मी ताठ बसलो होतो.

मास्कमध्ये पाणी शिरलं तर वरची कड दाबायची, वर बघायचं आणि नाकाने जोरात श्वास सोडायचा. पाणी खालून निघून जातं. हे सगळ्यांना शिकवतात. बसताईला ते दर मिनिटाला करावं लागायचं. तलावाचं पाणी उबदार आणि उथळ होतं, म्हणून ते निभावलं. नाकी नऊ आले, पण चौथा धडा झाला, पाचवा झाला, पुस्तकाची परीक्षाही झाली. कप्तान माझ्याकडे बघून भुवई उडवायचा. ती दुसरीकडे बघायची.

समुद्र मात्र कुणाची भीड ठेवत नाही. पहिल्याच डुबकीत, तीन पुरुष खोल गेल्यावर, थंड खारं पाणी माझ्यात शिरलं. तिने ते काढलं. पुन्हा शिरलं. पुन्हा काढलं. तिसऱ्या वेळी तिचा श्वास चुकला आणि खारं पाणी नाकात गेलं. तिचे डोळे मी आतून बघत होतो. इतके मोठे झालेले डोळे मी कधी पाहिले नव्हते. तिने पाय झाडले आणि सरळ वर सुटली. पाण्याखालून असं भसकन वर येणं जिवावर बेतू शकतं. कप्तानाने तिचं टाकीचं जाकीट घट्ट धरलं, तिच्या डोळ्यांसमोर हात हलवून श्वासाची लय दाखवली आणि तिला हळूहळू वर आणलं.

बोटीवर ती खोकत होती. कप्तान तिचं खोकणं थांबेपर्यंत थांबला.

"ताई, मास्क गळतोय."

"पट्टा अजून आवळते."

"पट्टा आवळून माप बदलत नाही. पेटीतला एखादा घ्या."

"नाही. मला हाच घालून करायचंय."

"मग मी दाखल्यावर सही करणार नाही. राग मानू नका. त्यांना मीही ओळखत होतो. पण तुम्हाला काही झालं, तर तुमच्या घरी येऊन मला सांगावं लागेल. ते मला जमणार नाही." मग तो म्हणाला, "दोन आठवड्यांनी शनिवार-रविवारी पुन्हा समुद्राचा बेत आहे. तो शेवटचा. त्यानंतर वर्ष संपतं."

ती घरी आली तेव्हा तिच्या कपाळावर माझा लाल वळ होता. डोळेही लाल होते. ते पाहून थोरला आत निघून गेला. नेहमी प्रश्नांचा पाऊस पाडणारी धाकटीसुद्धा त्याच्या मागोमाग गेली. रात्रीची जेवणं कशीबशी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी उसवलेल्या गणवेशाला टाके घालत होती. बसताई माझा पट्टा धुऊन पुसत बसली होती.

"घाल बघू तो," आजी म्हणाली.

"आत्ता?"

"घाल म्हणते ना."

बसताईने मला घातलं. आजीने चष्मा नाकावर सरकवला, तिची हनुवटी धरून तिला उजेडाकडे वळवलं, माझ्या कडेखाली करंगळी घातली. करंगळी सहज आत गेली.

"हा तुझ्या मापाचा नाही."

"माहीत आहे, आई." आवाज अगदी बारीक होता.

"माहीत आहे आणि तरी घालतेस?"

"पेटीतला घातला तर मी एकटी जातेय असं वाटतं. हा असला की ते बरोबर आहेत, असं वाटतं."

आजीने मला सुनेच्या चेहऱ्यावरून काढलं, स्वतःचा चष्मा बाजूला ठेवला आणि मला आपल्या चेहऱ्याला लावलं. पट्टा बांधला नाही. नाकाने श्वास आत घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

मी पडलो नाही.

मित्रांनो, काय सांगू! कपाळाचा तोच उतार, गालांची तीच रुंदी. आठ महिन्यांनी मला तो चेहरा पुन्हा सापडला, थोडा सुरकुतलेला, पण तोच. मला सोडवेना. आजीनेच मला सोडवलं. तिने बराच वेळ मला हातात धरलं होतं.

"बघितलंस?" ती म्हणाली. "चेहरा माझ्यावरून घेतला होता त्याने. मला हा बसणारच. तुझं आणि त्याचं नातं चेहऱ्याचं नव्हतं, बाळा."

"मग कशाचं होतं?"

"ते मला काय विचारतेस?"

बसताई हसली आणि हसताहसता रडायला लागली. आजीने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "तू जाऊ नयेस असंच मला वाटतं. अजूनही वाटतं. पण अर्धवट शिवलेला कपडा मलाही घरात बघवत नाही. जा, पुरं करून ये. मापाचा घे आणि जा. पोरांना परत येणारी आई पाहिजे. हा राहील माझ्याकडे."

त्या शनिवारी बसताई पहाटे निघाली आणि मी घरी राहिलो. ती समुद्रावर गेली आणि मी गेलो नाही, असं पहिल्यांदाच घडलं. मला राग आला. पेटीतल्या त्या झिजक्या, आकडे रंगवलेल्या मास्कांपैकी कोण तिच्या चेहऱ्यावर असेल, या विचाराने मी जळत होतो. पण दुपार झाली तसा राग ओसरला आणि नुसती काळजी उरली.

शनिवारी फोन आला नाही. जिथे ती राहिली होती तिथून फोन लागत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी जाता-येता जो तो फोनकडे बघत होता. रविवारी आजी शिवणयंत्रावर बसली. एकच शिवण तिने तीनदा उसवली. प्रश्नपत्रिका दर थोड्या वेळाने येऊन विचारायची, "आता आई पाण्यात असेल की बाहेर?" आजी म्हणायची, "बाहेर." थोरला खिडकीतून हलत नव्हता. आजीने मला मांडीवर घेतलं होतं आणि तिचा अंगठा माझ्या काचेवर सारखा फिरत होता.

दिवेलागणीला थोरला ओरडला, "आली!"

बसताई दारात उभी राहिली. केस ओले होते. कपाळावर वळ नव्हता.

"झालं, आई. चारही झाल्या. सही मिळाली."

मुलं तिला बिलगली. किती मासे होते, ते घाबरले का, कप्तान ओरडला का, धाकटीची सरबत्ती सुरू झाली. आजी जागची उठली नाही. तिने एकच विचारलं.

"पाणी शिरलं?"

"एक थेंबही नाही."

आजीने डोळे मिटून घेतले. तिचे दोन्ही हात माझ्यावर होते.

मला वाईट वाटलं का? वाटलं. जे मला कधी जमलं नाही, ते पेटीतल्या एका सामान्य मास्कने पहिल्याच दिवशी केलं होतं. पण ती परत आली होती, आणि त्यापुढे माझ्या मानापमानाला काय किंमत?

मित्रांनो, माझ्या जातीचे जुने लोक शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, टाकून देऊ नका. मीही तेच म्हणतो. गेलेल्या माणसाची वस्तू घरात असेल तर तिला पुसा, सावलीत ठेवा, अधूनमधून हातात घ्या. पण ती तुमच्या मापाची नसेल, तर तिच्यासाठी जीव धोक्यात घालू नका. तिला घरी ठेवा आणि तुम्ही जा. वस्तू जरा रुसेल. तिचा रुसवा संध्याकाळपर्यंत जातो. तुम्ही दारात धडधाकट उभे दिसलात, की जातो.