पुदु आरूला पाणी आलं

"कुत्री दिसली का?" हनुमंतरावांनी फोनवर विचारलं.

"दिसली. हनुमंतराव बरे अहेत ना, म्हणून विचारत होती," पलीकडून रंजना घरच्या तंजावुरी मराठीत म्हणाली. तिच्या मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"चेष्टा नको. पाणी प्यायलीस? डोकीवर पदर घे. आणि लॉरी आली की आतल्या अंगाला हो."

"इकडे लॉरी कुठची हो? बांध, झाडं नि बकऱ्या. ठेवा आता फोन. तुम्हांस दुसरं काम नाही काय?"

खरं तर कामाला तोटा नव्हता. तंजावूरच्या जुन्या बसस्टँडजवळच्या त्या ट्रॅव्हल ऑफिसात हनुमंतराव उभा जन्म दुसऱ्यांना प्रवासाला धाडत आले होते. नवग्रहांच्या देवळांना व्हॅन, रामेश्वराला बस, कोडैकानलला नवी जोडपी. पण व्हॅन सुटली की ह्यांचं सुरू: ड्रायव्हरला फोनावर फोन. नाव हनुमंतराव आणि काळीज सशाचं! बायकोला मात्र त्यांनी कुठे नेलं नव्हतं. एकदा कोडैकानलचं ठरलं होतं, तर घाटातल्या वळणांची स्वप्नं पडून ह्यांनाच ताप भरला. रंजनाने बांधलेली बॅग मुकाट्याने सोडली, आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

मग यंदा तो सिनेमा आला. एक म्हातारा बाप आणि त्याच्यावर रुसलेली लेक कावेरीकाठच्या गावातून निघतात आणि जुन्या छत्रांमधून, म्हणजे धर्मशाळांमधून, मुक्काम करत रामेश्वरापर्यंत चालत जातात. बस्, एवढीच गोष्ट. पण सगळं गाव वेडं झालं. ज्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात जायला स्कूटर लागते तेही चालायच्या गोष्टी करू लागले. ऑफिसचे मालक गणेशकुमार हुशार. त्यांनी लगेच पाटी लावली: तंजावूर ते ओरत्तनाडु, पुदु आरूच्या काठाने एक दिवस पायी, शेवट मुक्तांबाळ छत्रात. आणि वाट ठरवायचं काम दिलं हनुमंतरावांना.

पुदु आरू म्हणजे नवी नदी. नाव नदीचं, पण आहे तो कालवा. मे महिन्यात हनुमंतराव छत्री घेऊन तिथे स्वतः हिंडून आले. कालवा ठणठणीत कोरडा होता, मुलं पात्रात क्रिकेट खेळत होती. पलीकडच्या काठावर चिंचेची गर्द राई त्यांना दिसली. जेवायला ह्याहून चांगली सावली कुठली? पूल दूर होता, म्हणून पायऱ्यांनी खाली उतरायचं, कोरडं पात्र ओलांडायचं आणि राईत बसायचं असं त्यांनी ठरवलं. साप, गांधीलमाश्या, ऊन, केळ्याचं साल, सगळ्याचा विचार केला. औषधांची पिशवीच एवढी झाली की वाट दाखवायला दिलेला मुरली म्हणाला, "सार, चालायचंय की दवाखाना उघडायचाय?"

रंजनाने तो सिनेमा तीनदा पाहिला होता. पहिली तुकडी निघायची ठरली तशी ती रात्री ताट वाढताना म्हणाली, "मीही जात्यें." विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तुकडीतल्या कॉलेजच्या पोरांच्या परीक्षेमुळे जाणं जूनच्या मध्यावर गेलं, तेवढाच त्यांना धीर. तोवर तिचं मन बदलेल असं वाटलं होतं. ते बदललं नाही.

फोन ठेवून ते जरा टेकतात तोच गणेशकुमार आत आले. कपाळाला विभूती, हातात मिठाईचा डबा.

"घ्या, हनुमंतराव! पुदु आरूत पाणी सोडलं. आमच्या शेताशी दुपारपर्यंत येतं बघा."

हनुमंतरावांनी पेढा उचलला, आणि तो हातातच राहिला.

दोन दिवसांपूर्वी, पुदु आरूला जिथून पाणी येतं ते कावेरीवरचं कल्लणैचं धरण उघडलेलं त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. मंत्री फुलं टाकत होते. ह्यांनी स्वतः हात जोडून "आलं एकदाचं पाणी" म्हटलं होतं आणि रंजनाने देवापुढे गूळ ठेवला होता. तंजावुरात पाण्याला कोण भितो? पाणी येत नाही म्हणून भितात. वरचे लोक सोडतील का, धरण भरेल का, ह्या काळजीत इथल्या पिढ्या गेल्या. जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींना भिणाऱ्या हनुमंतरावांच्या मनात ही एक गोष्ट आली नव्हती. त्यांनी ठरवलेली वाट त्या कालव्याच्या पोटातून जात होती.

त्यांनी रंजनाला फोन लावला. लागेना. मुरलीला लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

"काय झालं हो?" गणेशकुमार म्हणाले. "तोंड पांढरं पडलं तुमचं."

"ती लोकं पात्रात उतरतील," एवढंच ते बोलले आणि पायांत चपला न सरकवताच बाहेर धावले.

रिक्षावाला पोरगेला होता. "घाई काय, सार?" म्हणाला. हनुमंतरावांनी नुसता हात पुढे केला: चल, चल.

गावाबाहेरच्या पहिल्या पुलावर रिक्षा अडकली. पूल माणसांनी भरला होता. बायका हळदकुंकू वाहत होत्या, कुणी कापूर लावला होता, पोरं फुलं भिरकावून ओरडत होती. खाली तांबडं गढूळ पाणी फेसाळत चाललं होतं. सुकी पानं, प्लास्टिकच्या बाटल्या, एक फाटकी टोपली, सगळं पोटाशी घेऊन. एका म्हातारीने रिक्षात हात घालून हनुमंतरावांच्या कपाळाला कुंकू लावलं. "यंदा वेळेवर आली हो कावेरीआई," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

हनुमंतराव मनात म्हणत होते, थांब. आई, थांब. मागे फिर. आणि लगेच त्यांना त्याचीही भीती वाटली. सारा मुलूख ज्या पाण्याची वाट बघतो त्याला आपण परत जा म्हणतो. हे पाप कुठे फेडावं?

"पाण्याच्या पुढे जाता येईल का?" त्यांनी विचारलं.

"बघू या, सार." आता रिक्षावाल्यालाही काहीतरी कळलं असावं. त्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

रस्ता कधी कालव्याजवळ येई, कधी दूर जाई. जवळ आला की पाणी दिसे. रस्ता दूर गेला की हनुमंतरावांना पाण्याहून वाईट दिसे: रंजना पात्राच्या मध्यावर, साडीचा ओचा धरून, कुणाशी तरी हसत बोलते आहे आणि तिची पाठ वरच्या अंगाला आहे. मन चिंती ते वैरी न चिंती. तिला पोहता येत नव्हतं. लग्नानंतर ती शिकते म्हणाली होती, आणि नको कुणी म्हटलं होतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी पुन्हा फोन लावला. लागेना. "देवा, मी तिला पुन्हा कशाला नाही म्हणणार नाही," असं ते मोठ्याने बोलले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

एका वळणाशी पाण्याचं तोंड दिसलं. ते धावत नव्हतं. एखादं माणूस चालावं तसं कोरड्या वाळूवरून चालत येत होतं, खड्ड्यात शिरायचं, तो भरायचा, पुढे निघायचं. रिक्षा त्याच्या पुढे गेली. पण फार पुढे नाही.

पलीकडे चिंचेची राई दिसली तसे हनुमंतराव चालत्या रिक्षातून उतरायला गेले आणि गुडघ्यावर पडले. तसेच उठून बांधावर चढले. सगळी मंडळी ह्याच काठावर होती. कॉलेजची पोरं सावलीत पसरली होती, शाळेतल्या दोन शिक्षिका दहीभात वाढत होत्या, मुरली फोन गवतावर टाकून झोपला होता. रंजना नव्हती.

"रंजना कुठे?" त्यांनी विचारलं.

एका शिक्षिकेने खाली बोट दाखवलं.

पायऱ्यांच्या तळाशी गावातल्या चार बायकांबरोबर रंजना उभी होती. अनवाणी, ओंजळीत शेवंतीची फुलं. वरच्या अंगाला पाण्याचं तोंड वळण घेत होतं.

"रंजना! वर ये! अगं, पाणी!"

तिने वळून पाहिलं. चेहऱ्यावर आश्चर्य होतं, घाबरणं नव्हतं. "पाण्यासाठीच उभी अहें हो," ती म्हणाली.

पाणी आलं. तिच्या पावलांवर चढलं, घोट्यांशी फेस सोडून पुढे गेलं. बायकांनी जिभा हलवून उलूलू असा मंगलध्वनी केला. रंजनाने फुलं सोडली, पाणी पिंढऱ्यांशी आलं तशी ती एकेक पायरी वर चढली. हनुमंतराव वरच्या पायरीवर मटकन बसले.

"तुज ठाऊक होतं? पाणी येणार म्हणून?"

"कालच कळलं. ह्या वाटेने ओलांडायचं नाही, इकडेच जेवायचं, पुलावरून जायचं, असं मुरलीस मीच सांगितलं."

"आणि मज?"

"तुम्हांस सांगितलं असतं तर तुम्ही मज निघू दिलं असतं काय?"

भीती सरली आणि तिच्या जागी संताप आला. "आणखी काय काय लपवलं अहेस माझ्यापासून?" ते ओरडले. वर पोरं माना वळवून बघू लागली.

रंजना साडीचा काठ पिळत होती. पिळून झाल्यावर ती त्यांच्या शेजारी बसली.

"दोन वर्षांमागे काखेत गाठ आली होती," ती हळूच म्हणाली. "मावसबहिणीच्या घरी तिरुच्चीला लग्नास गेल्यें म्हणून सांगितलं ना, लग्न नव्हतं. दवाखाना होता. सुई घालून पाहिली. रिपोर्ट येईपर्यंत घरी होत्यें, तुम्हांस रोज डबा देत होत्यें. काही निघालं नाही. बरी अहें."

ड्रायव्हरच्या चहाची, परक्यांच्या चपलांची हनुमंतरावांनी काळजी केली होती, आणि खरोखर भ्यावं अशी एकच गोष्ट त्यांच्या घरात येऊन, त्यांना डबा बांधून देऊन निघून गेली होती.

"का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्हांसच सांभाळत बसायला लागलं असतं. मग माझं भय मी कुठे ठेवायचं होतं?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

पाणी आता काठोकाठ पसरत होतं. वर मुरली जागा होऊन मंडळींना उठवू लागला. रिक्षावाल्याने विचारलं, "सार, दोघं परत येताय ना?"

हनुमंतरावांनी मान हलवली, नाही म्हणून. ते अनवाणीच आहेत हे रंजनाला आता दिसलं. तिने आपल्या चपला त्यांच्यापुढे सरकवल्या, त्यांनी त्या परत तिच्या पायांशी ठेवल्या आणि तिची पिशवी खांद्याला लावली. बांध तापला होता.

पूल ओलांडल्यावर हनुमंतराव म्हणाले, "ते रिपोर्टाचे दिवस. मज सांग ते. काय काय वाटलं?"

"आता कशाला हो? तुम्हांस भय वाटेल."

"वाटू दे."

रंजनाने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि मग ती सांगू लागली. ओरत्तनाडु यायला अजून बराच अवकाश होता.