नुसता हुंकार

नववर्षाची सकाळ होती आणि फुमिए कात्रीने वड्या कापत होती. चिकट भात कुटून केलेल्या या वड्या रश्श्यात पडल्याशिवाय आमच्या निईगाताकडे वर्ष सुरू झालं असं कुणी मानत नाही. तिच्या नवऱ्याला, यासुझोला, मागच्या वसंतात अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हातपाय सावरले, गिळणं मात्र बिघडलं ते बिघडलंच. डॉक्टरांनी वडीला साफ मनाई केली होती.

"वर्षभर पेज प्यायलो," यासुझो सकाळपासून कुरकुरत होता. "आजही पेजच द्यायची असेल, तर सरळ माझ्या फोटोला उदबत्ती लाव."

"अहो, सणाच्या दिवशी काय अभद्र बोलता!"

शेवटी लेकाने तोड काढली. कोहेई टोकियोहून आदल्या दिवशीच आला होता. "नखाएवढे तुकडे कर, आई. मी बसतो ना बाबांच्या समोर. शेवटचा घास गिळेपर्यंत हलत नाही. माझ्यावर सोड."

फुमिएने सोडलं. आईने लेकावर नाही सोडायचं, तर कुणावर?

कोहेई समोर बसला, हे खरं आहे. तो जागचा हलला नाही, हेही खरं. पण वडिलांचा पहिला घास उतरतो न उतरतो, तोच त्याच्या फोनवर शुभेच्छा येऊन आदळायला लागल्या. ऑफिसातले, कॉलेजातले, जिममधले. वर्षभर ज्यांना त्याची आठवण होत नाही, असे सगळे. आणि प्रत्येकाला तिथल्या तिथे उत्तर द्यायलाच हवं, नाहीतर आभाळ कोसळणार! त्याच्या वाटीतली अख्खी वडी तशीच निवत राहिली.

यासुझोचे तुकडे संपले. जिभेला चव लागली होती. त्याने लेकाच्या वाटीकडे जेवायच्या काड्या नेल्या आणि शहाण्यासारखं विचारलंसुद्धा, "ही घेऊ का रे?"

"हं."

"घेऊ ना?"

"हं, हं."

स्वयंपाकघरात जाळीवर आणखी वड्या भाजत असलेल्या फुमिएला हे ऐकू आलं. रश्श्यातली मुळ्याची फोड मागत असतील, असं तिला वाटलं. लेक लक्ष ठेवून आहे म्हणून बरंही वाटलं.

घास अडकलेला माणूस हाक मारू शकत नाही. ती बाहेर आली तेव्हा यासुझोचा चेहरा काळानिळा पडला होता आणि त्याचा हात टेबलावर लेकाच्या दिशेने पसरलेला होता. लेकाच्या वाटीत वडी नव्हती, आणि पलीकडे लेक मान खाली घालून कशाला तरी हसत होता. रुग्णवाहिका आली, पण तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"नववर्षाच्या वडीने गेला," गाव म्हणालं. दर वर्षी कुणी ना कुणी म्हातारं माणूस असं जातं आणि दर वर्षी आम्ही वडीला दोष देऊन मोकळे होतो. समोर कोण बसलं होतं, हे विचारायची आमच्यात रीत नाही.

एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला यासुझोची बहीण किनुए आली. भिक्षू गेल्यावर चहा पिता पिता ती सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली, "बोलू नये, पण वहिनी, तुमचा हात पहिल्यापासून सढळ. तुकडे जरा मोठेच झाले असतील."

फुमिएने कोहेईकडे पाहिलं. त्या सकाळचं तिने कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं, लेकाची अब्रू जायला नको म्हणून. आता तो स्वतःच बोलेल, असं तिला वाटलं. कोहेईने चहाच्या कपात पाहिलं. मग त्याच्या खिशात काहीतरी थरथरलं आणि हात आपसूक तिकडे गेला.

नवरा गेला तेव्हा फुमिए धाय मोकलून रडली होती. आता रडू आलं नाही. पोटच्या पोराने भर बैठकीत आपल्याला वाऱ्यावर सोडलं, एवढंच तिला कळलं.

"वन्सं, माझे तुकडे नखाएवढेच होते," ती म्हणाली. "ते सगळे त्यांनी नीट खाल्ले. ते गेले याच्या वाटीतल्या वडीने. चोरून नाही घेतली त्यांनी. दोनदा विचारलं. हा दोन्ही वेळा 'हं' म्हणाला."



"आई, मी ऐकलंच नव्हतं गं," कोहेई पुटपुटला. "शपथ! बाबा काय विचारतायत, माझ्या डोक्यात शिरलंच नाही."

"हेच सांग आत्याला. मोठ्याने सांग."

त्याने सांगितलं. सांगताना ढसाढसा रडला. किनुए वहिनीची माफी मागायला वाकली, पण फुमिएचं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

"वर्षभराचं सुतक, येत्या नववर्षाला आपल्याला सण नाही," ती लेकाला म्हणाली. "त्याच्या पुढच्या वर्षी ये. मी वड्या भाजेन. मलाही आता सत्तरी लागली, घास घशात अडायला लागलेत. माझ्या समोर बसशील?"

"हं," कोहेई डोळे पुसत म्हणाला.

"असं नाही. वर बघून सांग."