गाणं सुरू झालं की आत

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. पाइनच्या लाकडाचा, सात माणसं बसतील एवढा लांब. हल्ली बसतं ते एखादंच. माझ्या एका टोकाला छत्री अडकवायची कडी आहे आणि तिच्याखाली पाणी निथळायला पत्र्याचं ताटलं. सुतारानं आधी ताटलं ठोकलं, मग बाक केला, अशी लोक चेष्टा करत. वेल्समध्ये पाऊस तसाच आहे.

माझा जन्म खाणीच्या खोऱ्यातला. खाणीच्या छताला लाकडी टेकू देणाऱ्या सुतारानंच मला घडवलं. हेब्रॉन नावाच्या प्रार्थनामंदिरात मागून तिसरी रांग माझी. तिथले उपदेशक नुसते बोलत नसत, तुमच्या कीर्तनकारांसारखे गात. आरंभी साधं बोलणं. मग शब्दाला सूर चिकटे, आणि बघता बघता उपदेशाचं गाणं होई. त्याला ते ‘हुइल’ म्हणत. तो चढला की माझ्या फळ्या थरथरत. लाकडाला याहून मोठं सुख नाही. देवाच्या दयेनं ते मला ऐंशी वर्षं मिळालं.

तिथं एक रीत होती. प्रार्थना किंवा उपदेश चालू असताना कुणी आत येत नसे. उशीर झालेला माणूस दाराबाहेर थांबे. स्तोत्र सुरू होऊन सगळे उभे राहिले, की गाण्याच्या आडोशानं तो हळूच आपल्या जागी येई. ही रीत कुणी शिकवली नव्हती. ती अंगातच होती.

मग खाण मिटली, माणसं पांगली, हेब्रॉनला कुलूप लागलं. मला खालच्या शहरातल्या विद्यापीठानं नेलं. पॉलिश केलं, ‘आपला वारसा’ म्हणून कौतुक केलं आणि व्याख्यानाच्या खोलीबाहेर ठेवून दिलं. माझ्या डोक्यावर फलक लावला : ‘आमचं दार सर्वांना उघडं’. ज्या घरांतून कधी कुणी कॉलेजात गेलं नाही, त्या घरांतल्यांना बोलवायचं, अशी योजना होती. चांगलीच होती.

पहिल्याच वर्षी एक टक्कल पडलेला माणूस पाच सोमवार माझ्यावर बसला. सहाव्या सोमवारी आला नाही. कुणी विचारलं नाही. मलाही काही वाटलं नाही. आत गाणं नव्हतं, फळ्या थरथरत नव्हत्या. माझं मन बधिर झालं होतं.

पुढल्या वर्षी मेनीर आली. एक्केचाळीस वर्षांची, आमच्याच खोऱ्यातली, गाद्यांच्या कारखान्यातलं काम गेलेली, समाजकार्य शिकायला निघालेली. घरातली पहिलीच. माझ्यावर बसवून तिचा हसरा फोटो काढला आणि माहितीपुस्तकावर छापला. तास नऊचा, आणि खोऱ्यातली पहिली बस पोचे नऊ वाजून दहा मिनिटांनी. ती येई, छत्री कडीला अडकवी आणि मांडीवर वही घेऊन दाराला कान लावी.

शिपाई एल्वेड हेब्रॉनचाच. तो म्हणे, “काय गं, माझ्या जागेवर डोळा आहे का तुझा? दाराशी बसून राहतेस ती.”

“तुमची जागा घेऊन काय करू, एल्वेडकाका? तुम्ही तरी कुठं काय करता!”

“मग आत जा की.”

“बाई बोलतायत ना. मध्येच कसं शिरायचं?”

“हां, तेही खरंच,” एल्वेड म्हणे. “बरं नाही दिसत.”

दोघांनाही ते इतकं उघड होतं की पुढं कुणी बोललंच नाही. पण हजेरीचं यंत्र खोलीच्या आत होतं. सात सोमवार झाल्यावर मेनीरला पत्र आलं : आपण एकाही तासाला आला नाहीत, आपल्याला शिक्षणात रस दिसत नाही.

तिनं ते दोनदा वाचलं. रडली नाही. “आमच्यासारख्यांचं काम नव्हेच हे,” म्हणाली. नाव काढून घ्यायचा अर्ज आणला, वही माझ्यावर टाकली आणि बसला गेली.

एल्वेडनं वही उचलली आणि तो तास घेणाऱ्या प्रॉसरबाईंपुढं ठेवली. बाईंनी दारातच उभ्यानं पानं उलटली.

“ही माझी वाक्यं आहेत. माझा विनोदसुद्धा आहे. कुठं बसून लिहिलं हिनं?”

“या बाकावर, मॅडम. विनोदाला हसलीही होती. बाहेर.”

“मग आत का नाही आली?”

“उपदेश चालू असताना आत शिरत नाहीत. गाणं सुरू झालं की शिरतात.”

“अहो, माझ्या तासाला गाणं कुठून येणार?”

“तेच तर,” एल्वेड म्हणाला. “सात आठवडे वाट पाहिली पोरीनं. आलंच नाही.”

बाई आत वळल्या. वही मात्र त्यांनी परत दिली नाही.

पुढच्या सोमवारी मेनीर अर्ज द्यायलाच आली. छत्री अडकवली. माझ्या पाठीवरच्या, पूर्वी स्तोत्रांची पुस्तकं ठेवायच्या फळीवर कागद ठेवून तिनं नाव लिहिलं. सही राहिली होती. सव्वानऊ झाले. आतला आवाज थांबला. दार उघडलं. प्रॉसरबाई वही घेऊन उभ्या होत्या.

“आजपासून सव्वानऊला मी थांबणार. ज्याला यायचं त्यानं यावं. हेच गाणं समज.”

मेनीरनं सावकाश पेनाला टोपण लावलं. “तुम्हाला गाता येतं, मॅडम?”

“अजिबात नाही.”

“वाटलंच,” ती म्हणाली आणि आत गेली.

अर्ज माझ्या फळीवरच राहिला. अजून आहे, सहीविना. माझ्या फळ्या थरथरल्या, असं मी सांगणार नाही. ताटल्यात छत्रीचं पाणी ठिबकत होतं, तेवढं कळलं.

मित्रांनो, दार उघडं आहे असं भिंतीवर लिहिणं सोपं असतं. बाहेर कुणी बसलं असेल तर तुमचं बोलणं घटकाभर थांबवा. माझ्यावर कुणी बसावं, यासाठीच मला घडवलं. तरी सव्वानऊला मी रिकामा होतो, हेच बरं. त्या टक्कल पडलेल्या माणसाचं नाव मात्र मला अजून ठाऊक नाही.