याय खाली कशी बसते

मुलांनो, हातातलं काम ठेवा आणि जमिनीवर बसा. मांडी नको. दोन्ही पाय दुमडून एकाच बाजूला घ्या, डावीकडे. अंगाचा भार कुठं आला बघा. उजवीकडे ना? आता चाळीस वर्षं अशीच बसून काम करणारी एक आजी डोळ्यांसमोर आणा. तिच्या मांडीवर कागदी छत्रीचा बांबूचा सांगाडा आहे आणि हातात सुईदोरा.

ही याय खामपान. चियांग माई शहराजवळच्या छत्र्यांच्या गावात ती आपल्या लेकीच्या मुलीबरोबर, दहा वर्षांच्या योकबरोबर राहायची. याय म्हणजे आईची आई. पण खामपानला सगळेच याय म्हणत, दातांच्या डॉक्टरसुद्धा.

या डॉक्टर सिरिन्या शहरातल्या दंत महाविद्यालयात एक अभ्यास करत होत्या. चाळीस माणसांच्या दाढांवर त्यांनी सिरॅमिकच्या कॅप बसवल्या होत्या. माणूस बसला की अंगाचा भार कुठं पडतो, आणि दातांवरच्या जोराशी त्याचा काही संबंध असतो का, हे त्यांना शोधायचं होतं. म्हणून दर तीन महिन्यांनी त्या एकेकाला खुर्चीत दाब मोजणाऱ्या चटईवर बसवत, दातांत एक पातळ पट्टी धरायला देत, आणि पडद्यावर डाव्या-उजव्या दातांच्या दोन रेघा उमटत. एकोणचाळीस जणांच्या कॅप शाबूत होत्या. यायची उजव्या दाढेवरची कॅप दोनदा फुटली होती, आणि योक तिच्याबरोबर तपासणीला आली त्या दिवशी तिसरीही तडकलेली निघाली.

“याय, खरं सांगा,” डॉक्टर म्हणाल्या. “डुकराच्या कातडीचे कुरकुरे खाल्लेत ना?”

“वर्षभर जिभेला लावले नाहीत. शेजारीण मुद्दाम माझ्यासमोर बसून कुरुमकुरुम खाते आणि मी आपली मऊ भात गिळते.”

“मग बर्फ चावला असेल.”

“बर्फ चावायला मी काय शाळेत जाते?” याय म्हणाली, आणि योकनं हळूच छताकडे पाहिलं.

डॉक्टर हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. “दाढ आता फार झिजलीय, याय. चौथी कॅप बसवली आणि तीही फुटली, तर दाढेचे तुकडे होतील. का फुटते ते कळल्याशिवाय मी नवी बसवणार नाही. नाही कळलं, तर दाढ काढलेलीच बरी.”

यायनं गालावरून ती दाढ चाचपली. तिच्या सगळ्या दाढांत तेवढी एकच जेवायच्या कामाची उरली होती. योकला ते बघवेना.

“याय खोटं बोलत नाही, डॉक्टर. आम्ही एकाच टोपलीतला भात खातो, मला माहितीय.” मग तिनं खुर्चीकडे बोट केलं. “आणि याय घरी खुर्चीवर बसतच नाही.”

“खुर्ची नाही घरात?”

“आहे. तिच्यावर मांजर बसतं.”

डॉक्टरांनी चटई उचलली आणि जमिनीवर अंथरली. याय दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसली, पिशवीतून अर्धवट ओवलेला सांगाडा काढला आणि म्हणाली, “रिकाम्या हातांनी मला बसता येत नाही.” पट्टी दातांत धरून तिनं दोरा खसकन ओढला. पडद्यावरची एक रेघ टुणकन वर गेली.

डॉक्टर पुढं झुकल्या. मग त्यांचा चेहरा पडला. “जोर भरपूर पडतोय. पण डाव्या दाढांवर. आणि फुटते ती उजवी.”

याय दोरा गुंडाळू लागली. योक मात्र तिच्या पायांकडे बघत राहिली. काहीतरी चुकत होतं. रोज शाळेतून आल्यावर तिला दारातून आधी यायचे तळवे दिसत, आणि दार यायच्या डाव्या हाताला होतं. इथं तळवे उजवीकडे होते.

“याय, तू आज उलटी बसलीयेस.”

“बसण्यात कसलं आलंय उलटं नि सुलटं?”

“घरी तुझे पाय डावीकडे असतात.”

यायनं डाव्या भिंतीकडे मान वर केली. तिथं उंच फळीवर बुद्धमूर्ती होती, ताजी फुलांची माळ घातलेली. “मग काय त्यांच्याकडे पाय करून बसू? तुला कुणी वळण लावलंय की नाही?”

“घरी मूर्ती तुझ्या उजव्या हाताला असते,” योक म्हणाली. “डॉक्टर, चटई फिरवू या?”

दोघींनी चटई अर्धी फिरवली. याय पुन्हा बसली तेव्हा मूर्ती तिच्या उजवीकडे आली. कुणी काही न सांगता यायचे पाय आपोआप डावीकडे गेले, अंग उजवीकडे कललं, मानही कलली. पट्टी दातांत गेली. दोरा ताणला गेला. आणि उजवीकडची रेघ इतकी उंच गेली की डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली.

“दोरा,” त्या म्हणाल्या. “दोरा ओढताना दात आवळता तुम्ही, तेही एकाच बाजूचे. दिवसातून किती वेळा?”

“छत्र्या मोजते मी. ओढी कोण मोजतं?”

डॉक्टरांनी यायसमोर हात जोडले. “मी उगाच तुमच्यावर संशय घेतला. आपण जमिनीवर बसणारी माणसं, मी स्वतः जमिनीवर बसून जेवते, आणि तुम्हाला मोजत राहिले खुर्चीत.”

“संशयाचं राहू द्या,” याय म्हणाली. “माझ्या वर्षभराच्या कुरकुऱ्यांचं काय?”

तिघीही हसत सुटल्या. मग डॉक्टर योकला म्हणाल्या, “एका यायवरून काही सिद्ध होत नाही, बरं का. आता चाळीसही जणांना खाली बसवून मोजावं लागेल. पण यायची कॅप मी बसवते. अट एकच. अर्धा दिवस या बाजूला बसायचं, अर्धा दिवस त्या बाजूला.”

नवी कॅप बसवून दोघी दुपारी घरी आल्या. याय सरळ आपल्या नेहमीच्या जागेकडे निघाली.

“मूर्तीच्या त्या बाजूला बस, याय. म्हणजे पाय उजवीकडे जातील,” योक म्हणाली.

“तिकडे उजेड कुठाय? काळोखात सुई ओवायला मी घुबड आहे का?”

ते खरंच होतं. मूर्तीच्या पलीकडे खिडकी होती, पण तिच्यासमोर तयार सांगाड्यांची चळत छतापर्यंत गेलेली. योकनं त्या चळतीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग तिनं मांजराला खुर्चीवरून उठवलं, खुर्ची खिडकीशी ओढली, तिच्यावर चढली आणि सगळ्यात वरचा सांगाडा खाली उतरवायला घेतला.