पायाळूचे पाय

"ही काय लाथ झाली व्हय, वयनी? पाठीवरनं मांजर गेल्यागत वाटलं."

शेजारचा कुशाबा अंगणात पालथा पडून घोंगडीत तोंड खुपसूनच कुरकुरला. सोनीबाईनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. भिंतीला हात टेकून तिनं उजवा पाय परत उचलला.

सोनीबाई पायाळू. आईच्या पोटातून पायांकडून आलेली. शिनोलीत कुणाच्या पाठीत उसण भरली, की माणूस सकाळी हिच्या अंगणात येऊन आडवा व्हायचा. पायाळू माणसानं तीनदा लाथ लावली की उसण उतरते म्हणतात. त्याचं काही घ्यायचं नाही, आणि लाथ न लावता कुणाला परत धाडायचं नाही. सासूनं तिच्या भाकरीला कधी बरं म्हटलं नाही, पण पायांचं कौतुक वेशीपर्यंत सांगितलं.

खरं तर लाथेपेक्षा पाऊलच हुशार होतं. पाठीवर टेकलं की अंगठ्याखाली आखडलेली गाठ लागायची. गाठ नाही लागली, तर ती लाथ लावून वर सांगायची, "ही माझ्याकडची न्हाई. घोडेगावला डॉक्टरला दाखव." असं धाडलेल्या एकाचा मुतखडा निघाला, तेव्हापासून तर तिचा मान आणखीच वाढला.

आता अंगठ्याखाली गाठ लागत नव्हती. पाठसुद्धा लागत नव्हती.

भातकापणीच्या आधीपासून तळव्यांची आग व्हायची, मिरची वाटून फासल्यासारखी. आग सरली की मुंग्या, आणि मुंग्या सरल्या की काहीच नाही. आग होती तेच बरं होतं, असं म्हणायची पाळी आली. शेजारणी म्हणाल्या, उष्णता असंल, सब्जा खा. कुणी म्हणालं, चिखलात उभं राहून झालं. मुलगा दादाभाऊ म्हणाला, कमरेतली शीर दबली असंल. आणि बंद बूट आणून ठेवले. आता बूट घालून लाथ कशी लावायची? एकदा सोनीबाई खाचरातून एकाच चपलेवर घरी आली, तिला पत्ताच नाही. सून मोहिनी मुकाट्यानं बांधावर जाऊन दुसरी चप्पल घेऊन आली आणि पहिलीशेजारी जोडीनं लावून ठेवली. तेवढंच.

बोलणार कोण? बोललं की पायाळूचेच पाय गेले म्हणून गाव हसणार. आणि न बोलावं, तर माणसं येऊन पालथी पडतच राहणार. स्वतःच्याच अंगणात सोनीबाई अशी कोंडली गेली होती. दार सताड उघडं, पण बाहेर पडायला पाय नाहीत.

"डॉक्टरकडं जाऊन आलो की परवा," कुशाबा घोंगडीतून म्हणाला.

"मंग हितं कशाला आलाव, भावजी?"

"त्यानं गोळ्या दिल्या. लाथ कुठं दिली?"

तांदूळ निवडत बसलेली मोहिनी फिस्सकन हसली. कुशाबाला तेवढंच बळ आलं.

"म्हनला, उसण कसली? कमरेतनं निघून एकाच पायात करंगळीपत्तुर करंट जातोय न्हवं, ती नस दबलीया. मंग कापूस फिरवला, टाचणी टोचली. इचारलं, दोन्ही तळवं जळत्यात का? मोजं घातल्यागत बधिर लागतंय का? म्हनलं, न्हाई बा. तर म्हनला, शुगर तपासू, पर तुमचं वायलं दिसतंय. शुगरचं दुखणं दोन्ही पायांस्नी धरतं, अन् हळूहळू कळूच देत न्हाई."

सोनीबाईचा पाय हवेतच राहिला. जन्मात तिनं मोजे घातले नव्हते. तरी मोजे घातल्यावर कसं लागतं, ते तिला लगेच समजलं. तिनं मोहिनीकडं पाहिलं. मोहिनीनं सुपावर मान खाली घातली.

"हाना की वयनी! आता जोरात!"

तिनं हाणली. आहे तेवढा भार टाकून.

"आयाया!" कुशाबा उठून बसला. त्याच्या पांढऱ्या बनियनवर पाठीमागं लाल ठिपका उमटला आणि पसरायला लागला. मोहिनी सूप टाकून धावली. सोनीबाईच्या टाचेत बाभळीचा जोडकाटा घुसला होता. बाहेर उरलेलं दुसरं टोक कुशाबाला लागलं होतं.

कुशाबानं टाचेकडं पाहिलं, मग तिच्या तोंडाकडं. "घोंगडीतच असंल," तो घाईघाईनं म्हणाला.

"कुंपणावर वाळत घातली व्हती ना," मोहिनी म्हणाली.

घोंगडी कालपासून घरातच होती, हे तिघांनाही माहीत होतं.

मोहिनीनं सासूला ओट्यावर बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. सोनीबाईनं ओठ आवळले, लाकडी खांब घट्ट धरला, आणि नजर लांब रस्त्यावर लावली. दुखेल तेव्हा ओरडायचं नाही, असं ठरवून ती वाट बघत बसली.

"वढ की गं एकदा. भिऊ नको. निघतोय का?"

मोहिनीच्या मुठीत काटा होता. "मघाशीच काढला, आत्या."

कोंबड्या सांडलेल्या तांदळावर तुटून पडल्या, त्यांना कुणी हुसकलं नाही. कुशाबा घोंगडीची घडी घालायला लागला. "काटाच बारीक असंल, त्यानं—"

"बारीक न्हाई, भावजी," सोनीबाईनं खांब सोडला. "लई दिस झालं, मला पायच कळत न्हाईत."