रिकामी इमारत

"बाई, जरा बाजूला व्हा. गाडी दाराला लावायची हाय," कोंडाजी म्हणाला.

सुचेता दारातून हलली नाही. कर्जत स्टेशनाजवळच्या दत्तोपंतांच्या या गोदामात लढाईच्या काळापासून तिची मुलींची शाळा भरत होती. आणि आता दारासमोर भाताच्या पोत्यांनी भरलेल्या बैलगाड्या उभ्या होत्या.

"चुकून इकडं आणल्यास का रे? चुना मारायचाय म्हणून शाळा दोन दिवस बाहेर काढलीय. परवा परत आत यायची आहे."

कोंडाजीनं मान खाली घातली. त्याची हिरू याच शाळेत होती. "कळंबचा भात हाय. पंतांनी दिवाळीलाच सांगून ठेवलंय, पौषात गुदामात आणून टाक म्हून. मला वाटलं, तुमाला ठावं आसंल."

तेवढ्यात आतून दत्तोपंत आणि इमारतींची तपासणी करणारे लोकल बोर्डाचे ओव्हरसियर बाहेर आले. भिंतींना चुन्याचा हातसुद्धा लागला नव्हता.

दत्तोपंत तिच्या वडिलांचे स्नेही. ते स्वतः पनवेलला तिच्या बिऱ्हाडी आले होते. कर्जतच्या मुलींसाठी कुणी नाही, माझं गोदाम घे, म्हणाले होते. त्यांच्या शब्दावर तिनं पनवेलच्या शाळेतली कायमची नोकरी सोडली. गोदामाला एकच दार होतं. शाळा म्हणून मंजुरी हवी तर दुसरं दार हवं, उजेड हवा. गवंड्याजवळ उन्हात उभी राहून तिनं भिंत फोडून घेतली. गोदामाची शाळा झाल्याची नोंद मिळाली, त्या दिवशी पंतांनी पेढे वाटले होते.

"बाई, आत वर्ग नाही, सामान नाही," ओव्हरसियर म्हणाले. "इमारत रिकामी आहे. मालक पुन्हा गोदाम म्हणून वापरणार आहेत. तशी नोंद मी केली."

"मुली मागं खळ्यावर बसल्यात. ऐकू येतायत ना तुम्हाला?"

"येतायत. पण काल इथं काय होतं, ते मला धरता येत नाही. आज आत काय चालतं, त्यावरच सगळं ठरतं." ते जरा घुटमळले. "पुन्हा शाळा करायची तर नव्यानं मंजुरी लागेल. आणि आताच्या नियमांत हे छप्पर बसायचं नाही."

सुचेता पंतांकडे वळली. "काका, चुना मारायचाय म्हणालात."

"शाळा भरलेली दिसली असती तर हे काम अडलं असतं. नुसतं सांगून निघाली असतीस तू?"

"विचारून तरी बघायचं होतंत."

"हे बघ," पंत समजुतीच्या सुरात म्हणाले. लहानपणी ती रडली की ते असंच बोलत. "लढाईत सरकार रिकामी गोदामं धान्यासाठी ताब्यात घेत होतं. शाळेला हात लावत नव्हतं. तेव्हा माझी जागा वाचली, तुझंही काम झालं. आता धान्यावरचं नियंत्रण उठलंय. यात कुणाचं काय वाईट झालं?"

पेढे कशाचे होते, ते तिला आज कळलं. काल चुना मारणाऱ्यांना अडचण नको म्हणून तिनं मुलींकडून सगळी जमीन झाडून घेतली होती. फळा तर तिनंच पाठीवर घेऊन बाहेर नेला होता.

ती दारातून बाजूला झाली.

"बाई, माज्या हातनं कसं व्हईल हे," कोंडाजी हळूच म्हणाला.

"तुझं काय त्यात? उतरव पोती."

खळ्यावर मुली पेंढ्यात पाय घालून पाढे म्हणत होत्या. तिनं शेवटचा पाढा पुरा होऊ दिला आणि शाळा सोडली. उद्या येऊ का, असं कुणी विचारलं नाही, म्हणून तिला सांगावंही लागलं नाही.

पंतांची धाकटी नात तेवढी थांबली. रोज शाळा सुटल्यावर सुचेता तिला घरी पोचवायची आणि काकूंच्या हातचा चहा घेऊनच परत फिरायची. आजही पोरीनं तिचं बोट धरलं. वाटेत ती काही ना काही विचारत राहिली आणि सुचेता उत्तरं देत राहिली.

फाटकाशी तिनं बोट सोडवलं. पोर पायऱ्या चढून आत जाईपर्यंत ती उभी राहिली.

"सुचेता, ये गं, चहा टाकलाय," आतून काकूंचा आवाज आला.

तिनं फाटक ओढून घेतलं, बाहेरून कडी लावली आणि ती स्टेशनच्या रस्त्याला लागली.